जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी समितीने आम्हांस ‘हस्तकौशल्य आणि आजचे कुटुंब’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही समितीचे ऋणी आहो. या विषयावर नुसती उपदेशपर भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. यास्तव आम्ही एकच उदाहरण घेऊन बोलण्याचे योजिले आहे. ते उदाहरण म्हणजे घाटकोपर येथील आमच्या घरी, मोडीत निघालेले भाग गोळा करून, पुन्हा चालती केलेली एक जुनी मोटारसायकल. विषय काहीसा चमत्कारिक वाटेल. परंतु त्यात काटकसर, विद्या, कायदा आणि कुटुंबधर्म या चारही गोष्टी कशा गुंतलेल्या आहेत, हे शेवटपर्यंत ऐकल्यास आपल्या ध्यानी येईल.

प्रथम या वाहनाच्या जातीविषयी. डांबरी सडक आणि कच्ची वाट या दोहोंवर सारख्याच विश्वासाने जावे अशा हेतूने बांधलेल्या मोटारसायकलींचा एक स्वतंत्र वर्ग जगात आहे. जपानच्या यामाहा कंपनीने 1968 साली विक्रीस आणलेल्या 250 घनसेंटिमीटरच्या डीटी-1 या गाडीने हा वर्ग लोकप्रिय केला, असे सामान्यतः मानले जाते. आपल्या देशात कारखान्यातूनच तशी बांधलेली गाडी फार उशिरा आली. हिरो कंपनीची इम्पल्स 2011 साली आली, रॉयल एन्फील्डची हिमालयन 2016 साली आली. मग त्यापूर्वी आपले लोक कच्च्या वाटेने जात नव्हते काय? अवश्य जात होते. परंतु ते साध्या गाडीकडूनच दोन्ही कामे करून घेत. दूधवाल्याच्या कॅनी बांधलेली राजदूत, ग्रामसेवकाची बुलेट आणि कोकणच्या जांभ्याच्या रस्त्यावरून गणपतीला घरी जाणारी जावा अथवा येझदी, ही आपली दुहेरी वाहने होत.

जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियातले. फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि ‘यानेचेक’ व ‘वाँडरर’ यांची आद्याक्षरे जोडून हे नाव सिद्ध केले. 1960 च्या सुमारास म्हैसूर येथे आयडियल जावा या कंपनीने परवान्याखाली तीच गाडी आपल्या देशात तयार करण्यास आरंभ केला. 1973 पासून ती येझदी या नावाने विकली जाऊ लागली आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. येझदी हे नाव पुढे 2022 साली नव्या गाड्यांवर परत आले. तथापि जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाचे भाग त्यामुळे मिळू लागले असे नाही. ज्या यंत्राचा जन्मदाता कारखानाच उरला नाही, त्या यंत्राला जगवावयाचे तर दुसऱ्या मृत यंत्राच्या अस्थींवाचून गत्यंतर नसते.

आमच्या तीर्थरूपांनी 1978 साली येझदी 250 घेतली. ते एका कारखान्यात फिटर होते. पहाटेची पाळी असली म्हणजे लोकलची वाट न पाहता ते याच गाडीने जात, आणि मे महिन्यात मातोश्रींना मागे बसवून गावी जात. कारखाना बंद झाला, गुडघे थकले आणि गाडी इमारतीच्या जिन्याखाली उभी राहिली. पुढे 26 जुलै 2005 चा तो दिवस आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका अहोरात्रीत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या जिन्याखाली कंबरभर पाणी भरले आणि गाडी रात्रभर त्या गढूळ पाण्यात बुडून राहिली. त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही.

अखेर आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि जागा रिकामी करण्याची तारीख लागली, तेव्हा गाडीचा प्रश्न घरात उभा राहिला. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. आमच्या वहिनींचे म्हणणे असे की, भाड्याच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा नाही, तेथे गंजलेले लोखंड कशासाठी न्यावयाचे? हे म्हणणे मुळीच गैरवाजवी नव्हते. आमचे धाकटे बंधू मुलुंडला तळमजल्यावर राहतात. त्यांनी मागील अंगणाची पडवी देऊ केली. तीर्थरूप काही बोलले नाहीत. परंतु त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले, हात किंचित कापू लागलेले. त्या गाडीतील प्रत्येक स्क्रूची माहिती त्यांच्या डोक्यात होती, आणि ती अन्यत्र कोठेही लिहिलेली नव्हती. भंगारात गाडी गेली असती तर लोखंडाचे पैसे आले असते, पण ती विद्या फुकट गेली असती. या एका विचाराने निर्णय झाला. आम्ही, आमचे बंधू आणि महाविद्यालयात शिकणारा पुतण्या असे तिघे हाताखाली, आणि तीर्थरूप खुर्चीवर, अशी आमची कार्यशाळा सुरू झाली. काम दोन पावसाळे चालले.

आता प्रत्यक्ष कामाविषयी सांगतो. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी उभी असेल त्यांना याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

पहिले काम पान्याचे नव्हे, कागदाचे. नोंदणीपुस्तक शोधावे, त्यातील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील ठशांशी ताडून पाहावा. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर तपासणी करून घेऊन दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. घाटकोपर-मुलुंडकरांना त्यासाठी वडाळ्याचे, अंधेरीकरांना अंधेरीचे आणि बोरिवलीकरांना बोरिवलीचे परिवहन कार्यालय आहे. जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकात चढविल्या गेल्या आहेत की नाहीत, याचीही आधीच चौकशी करावी. कागद नसलेल्या गाडीवर वर्षभर श्रम करणे म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत विहीर खणणे होय. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि ती रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही. आमची गाडी 2028 साली त्या वयाची होईल. यास्तव मूळ सांगाडा आणि मूळ इंजिनपेटी बदलावयाची नाही, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी घालून घेतला.

दुसरे काम उकलण्याचे. उकलणे सोपे वाटते आणि तेथेच बहुतेकांची गाडी कायमची पोत्यात जाते. आमच्या पुतण्याने प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतले. आमच्या वहिनींनी, ज्यांचा आरंभी विरोध होता त्यांनीच, दिवाळीच्या फराळाचे रिकामे डबे आणून प्रत्येकावर चिठ्ठी चिकटविली. ‘मागील चाक’, ‘कार्ब्युरेटर’, ‘क्लच’ अशी ती नावे होती. लहान वॉशर कोणत्या बाजूस होता हे सहा महिन्यांनी कोणास आठवत नाही. डब्यास मात्र आठवते.

तिसरे काम इंजिनाचे. पुराच्या पाण्याने पिस्टन सिलिंडरात घट्ट धरला होता. अशा वेळी किक मारणे किंवा हातोडा घालणे हा घात होय. प्लगच्या छिद्रातून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतून ते मुरू द्यावे, रोज थोडे घालावे, आणि मग वरच्या गियरमध्ये मागील चाक हाताने हलकेच मागे-पुढे करावे. अकराव्या दिवशी पिस्टन केसभर हलला. या इंजिनाचा व्यास 65 आणि धाव 75 मिलिमीटर, म्हणजे जवळपास 250 घनसेंटिमीटर. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या दोन. किक आणि गियर यांना एकच दांडा. आत दाबून मागे फिरविला म्हणजे किक, पुढे घेतला म्हणजे गियर, आणि गियर बदलताना तोच दांडा क्लचही सोडवितो. नव्या पिढीला हे कोडे वाटते.

दोन-स्ट्रोक इंजिनाचे मर्म एका गोष्टीत आहे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या पेटीत येते, तेथे दाबले जाते आणि मग वर जाते. म्हणजे ती पेटी हवाबंद असलीच पाहिजे. क्रँकच्या दोन टोकांस रबरी ऑइल सील असतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ते कडक होतात. डाव्या, क्लचच्या बाजूचा सील गेला तर तिकडील तेल ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. उजव्या, डायनामोच्या बाजूचा गेला तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि नवा घातलेला पिस्टनही पुन्हा जाम होतो. पुष्कळ लोक कार्ब्युरेटरला दोष देत बसतात आणि खरा चोर त्या दोन रबरी चकत्या असतात. तीर्थरूपांनी हे पहिल्याच आठवड्यात सांगितले होते.

सिलिंडर झिजल्यास तो आतून कातून थोडा मोठा करावा लागतो व त्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. येथे क्रम महत्त्वाचा. आधी पिस्टन हाती घ्यावा, तो मोजावा, आणि मगच सिलिंडर कातावयास द्यावा. आमचा पिस्टन सोबत दिलेला असूनही एका कार्यशाळेने तो न मोजता, नुसत्या छापील आकड्यावर सिलिंडर कातला. तो जागोजागी कमीजास्त निघाला आणि आम्हांस पुढच्या मापावर जावे लागले. सिलिंडराची भिंत काही अनंत जाड नसते. ठराविक मापांपलीकडे ती जात नाही. म्हणून कारागीर निवडताना भाव पाहू नये, त्याच्याजवळ मोजण्याचे साधन आहे काय आणि तो ते वापरतो काय, हे पाहावे.

चौथी गोष्ट जुन्या भागांची. मुंबईकरांचे भाग्य असे की मोडीचे बाजार जवळ आहेत. कुर्ल्याचा सीएसटी रोड, भेंडी बाजाराजवळील मटन स्ट्रीटचा चोर बाजार, आणि पुण्यास गेल्यास बुधवार-रविवारचा जुना बाजार. आमचा कार्ब्युरेटर कुर्ल्यास मिळाला, वेगमापक मटन स्ट्रीटवर, आणि पेट्रोलचा नळ पुण्यास. शिल्लक राहिलेला एक दिवा देऊन आम्ही किकच्या दांड्याची स्प्रिंग घेतली. तीन विवेक मात्र पाळावेत. एक, क्रमांक घासून काढलेली इंजिनपेटी अथवा सांगाडा फुकट मिळाला तरी घेऊ नये. चोरीचा माल जाणून घेणे हा गुन्हा आहे, आणि कायद्यापेक्षाही, ज्याची गाडी गेली त्या घरचे दुःख आपल्या घरात आणू नये. शक्य तेथे पावती घ्यावी. दोन, जुने काय चालते आणि काय चालत नाही हे जाणावे. सांगाडा, चिखलरोधक, चाकाचा तुंबा, गियरची चक्रे हे जुने चालतात. बेअरिंग, ऑइल सील, ब्रेकचे अस्तर, तारा, पेट्रोलची नळी, टायर आणि ट्यूब हे नवेच घ्यावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात; 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेला पण दहा वर्षे दुकानात पडून राहिलेला टायर हा नवा नव्हे.

तीन, जुन्या भागाची परीक्षा करावी. चिरेची परीक्षा आमच्या तीर्थरूपांनी अशी शिकविली. भागावर रॉकेल चोळावे, थोडा वेळ थांबावे, कोरडे पुसून वर खडूची भुकटी उडवावी. जेथे चीर असेल तेथे आत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या भुकटीवर काळसर रेघ उमटते. मोठमोठ्या कारखान्यांत आज रंगीत द्रव वापरून हीच परीक्षा करतात, तत्त्व तेच. या परीक्षेत बाजारातून आणलेला एक ब्रेकचा दांडा नापास झाला. बाहेरून तो चकचकीत होता. तो तसाच बसविला असता तर एखाद्या दिवशी घाटात काय झाले असते, हे सांगावयास नको.

पाचवी गोष्ट इंधन आणि वीज यांची. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मऊ करते. म्हणून नळ्या आणि रबरी वॉशर आजच्या इंधनाला टिकतील असेच घ्यावे आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करावा. दर लिटर पेट्रोलला 40 मिलिलिटर दोन-स्ट्रोक तेल मिसळावे. हे तेल विसरणे म्हणजे पिस्टनचा अंत. टाकीतील गंज काढण्यास आत लोखंडी नट टाकून टाकी हलवावी, नंतर व्हिनेगरने धुवावी, सोड्याच्या पाण्याने आम्लता घालवावी आणि लगेच वाळवून तेलाचा हात द्यावा. विजेकडे पाहू गेल्यास ही गाडी सहा व्होल्टची. दिवा मंद हा तिचा स्वभाव. पॉइंटमधील अंतर सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवले आणि ठिणगीची वेळ बरोबर लावली की, निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

माताभगिनींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पेट्रोलची वाफ जड असते. ती जमिनीलगत सरकत दूर जाते. स्वयंपाकघरातील शेगडी किंवा देवघरातील निरांजन पलीकडच्या खोलीत असले तरी धोका टळत नाही. पेट्रोलचे काम उघड्यावरच व्हावे. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती फुंकरीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून ते फडके बांधून टाकून द्यावे. मुले जवळ असताना ही शिस्त विशेष पाळावी.

अखेर एका रविवारी गाडी सुरू झाली. इंजिनाचा ठेका किंचित अडखळत होता. आम्ही तिघे मापे घेऊन बसलो. तीर्थरूपांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “ठिणगी लवकर पडतेय, थोडी मागं घे.” पुतण्याने घेतली, आणि ठेका बसला. नंतर मोजून पाहिले तेव्हा माप त्यांच्या कानाने सांगितल्याप्रमाणेच निघाले. त्या दिवशी आमच्या पुतण्याने वहीत जे लिहून ठेवले, ते कोणत्याही छापील पुस्तकात नाही.

आता कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे, की मुंबईची हवा आधीच मलिन असताना धूर सोडणारी जुनी गाडी रस्त्यावर आणणे कितपत उचित? आमचे उत्तर असे की, रोजच्या वापरासाठी ती आणूच नये. दोन-स्ट्रोक इंजिन काही इंधन न जळताच बाहेर टाकते, हे सत्य आहे. आम्ही ती महिन्यातून एखादे वेळी चालवितो, प्रदूषणाची तपासणी करून घेतो, आणि नित्याच्या कामास लोकल व बस आहेतच. ज्या गाडीचा सांगाडाच गंजून गेला आहे, तिचा मोह धरू नये. ती सरकारमान्य भंगार केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे. जीर्णोद्धार आणि हट्ट यांतील भेद ओळखणे हीदेखील कारागिरीच होय.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीचा हत्याराशी पिढीजात संबंध आहे. हे उपनगर यंत्रांनी वसविले. कुर्ल्यास प्रीमियरच्या मोटारी तयार होत, भांडुपला एपीआयच्या लँब्रेटा स्कूटर तयार होत, कांदिवलीस महिंद्र, विक्रोळीस गोदरेज. त्या कारखान्यांत आणि त्यांना माल पुरविणाऱ्या लहान शेडांत आपले किती टर्नर, फिटर, वेल्डर राबले, हे आपल्या घराघरांना ठाऊक आहे. प्रीमियरचा तो कारखाना राहिला नाही; त्याच्या पद्मिनी टॅक्सीही 2023 साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. शेडांच्या जागी उंच इमारती झाल्या. परंतु त्या माणसांपैकी कित्येक आज आपल्यात, याच सभागृहात बसलेली आहेत. त्यांच्या हातांतील विद्या कोणत्याही पुनर्विकासाच्या करारात लिहिली जात नाही, आणि म्हणून तिची भरपाईही कोणी देत नाही. मुलांनी संगणक शिकावा, परदेशी जावे, याचा आम्हांस अभिमानच आहे. पण स्वतःच्या घरातील नळाचा वॉशर बदलता येत नाही अशी विद्वत्ता अपुरी आहे.

यास्तव मंडळापुढे आमची दोन नम्र मागणी आहेत. पहिली, निवृत्त कारागिरांची एक यादी मंडळाने करावी. कोणास कोणते काम येते आणि कोण शिकविण्यास राजी आहे, हे त्यात असावे. दुसरी, मंडळाच्या कार्यालयात एका कपाटात सामाईक हत्यारे ठेवावीत. मायक्रोमीटर, पुलर, टॉर्कचा पाना, डायल गेज या वस्तू प्रत्येक कुटुंबाने विकत घेणे परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तशी त्या न्याव्यात व परत आणाव्यात. आमच्या घरी या कामासाठी घेतलेला पुलर आणि डायल गेज आम्ही त्या कपाटासाठी आजच मंडळाकडे सुपूर्द करीत आहो.

वृद्धांना आमची विनंती की, त्यांनी ‘आता आम्हांला कोण विचारतो’ असे म्हणू नये. तरुणांना विनंती की, त्यांनी विचारावे, आणि वेळ आहे तोवर विचारावे. यंत्राचे भाग बाजारात शोधून मिळतात. माणसाजवळचे ज्ञान एकदा गेले की ते कोणत्याही मोडीच्या बाजारात मिळत नाही.